‘माझा मेंदूच निळा आहे’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईस

काकू, सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहते. मुलगा दहावीत आहे, सीबीएसईला. गेल्या महिन्यात नणंदेच्या आग्रहामुळे एका हॉलमध्ये स्मरणशक्तीचा कार्यक्रम बघायला गेलो होतो. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीनं प्रेक्षकांनी सांगितलेले शंभर शब्द सरळ म्हणून दाखवले, मग उलटे, आणि ‘सदतिसावा कोणता?’ विचारलं तर तोही चटकन सांगितला. नंतर पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवली. साधा मेंदू निळा आणि क्लास केलेल्याचा लाल-पिवळा. क्लास सहा महिन्यांचा, फी अठ्ठावीस हजार.

त्या दिवसापासून मुलगा म्हणतो, ‘आई, माझा मेंदूच निळा आहे.’ रसायनशास्त्रातली धातूंची क्रियाशीलता श्रेणी त्यानं तीनदा पाठ केली आणि तीनदा विसरला. आधीपासूनच तो विसराळू आहे. क्रिकेटचे आकडे मात्र सगळे पाठ! सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अथर्वशीर्ष, रामरक्षा, विष्णुसहस्रनाम सगळं तोंडपाठ. त्या म्हणतात, पाठांतर गेलं म्हणून डोकी गेली. हे म्हणतात, पैसे भरून टाक, घरात कटकट नको. खरंच अशा लोकांचा मेंदू वेगळा असतो का? आणि पैसे भरू का?

– एक आई, रामबाग

प्रिय ताई,

फीचं शेवटी बोलू, त्यात फार बोलण्यासारखं नाहीच. आधी त्या निळ्या मेंदूचं बघू, कारण तुमच्या पत्रातलं तेच वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. पंधरा वर्षांचं पोर स्वतःच्या डोक्याला एक रंग लावून मोकळं झालं, आणि तेही कुणाच्या तरी स्लाइडवरून.

ती चित्रं म्हणजे फोटो नसतात हो. माणसाला एका मोठ्या चुंबकीय यंत्रात झोपवतात आणि काहीतरी करायला लावतात. मेंदूच्या ज्या भागातल्या पेशी जास्त राबतात तिथे प्राणवायू घेऊन आलेलं रक्त जास्त पोचतं, आणि यंत्र तो फरक टिपतं. मग दोन कामांमधला, नाहीतर दोन गटांमधला फरक गणितानं काढतात. ठरवलेल्या मर्यादेच्या वर फरक गेला की संगणक त्या जागी लाल-पिवळा रंग भरतो. रंग कोणता आणि मर्यादा किती, हे चित्र काढणारा ठरवतो. अख्खा निळा, म्हणजे काहीच न करणारा, असा मेंदू जिवंत माणसाचा नसतो. झोपेतसुद्धा नसतो. एवढं मुलाला आजच सांगा.

आता तुमचा प्रश्न. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरणशक्तीची जागतिक स्पर्धा १९९१ पासून भरते. त्या स्पर्धेत नाव काढलेले आठ आणि पाठांतरासाठीच ओळखले जाणारे आणखी दोन, असे दहा जण त्यांनी घेतले. जोडीला दहा साधी माणसं. आधी मेंदूची रचना तपासली: कुठला भाग मोठा आहे का, कुठे काही जास्त भरलेलं आहे का. काही सापडलं नाही. बुद्धीच्या चाचण्यांतही हे दहा जण जगावेगळे निघाले नाहीत.

मग सगळ्यांना यंत्रात झोपवून लक्षात ठेवायला तीन तऱ्हेच्या गोष्टी दाखवल्या. तीन आकडी संख्या, अनोळखी चेहरे आणि भिंगातून काढलेले हिमकणांचे फोटो. संख्यांमध्ये स्पर्धकांनी बाकीच्यांना कुठल्या कुठे मागे टाकलं. चेहऱ्यांमध्ये पुढे होते, पण तेवढे नाही. आणि हिमकणांपाशी दोन्ही गट जवळपास बरोबरीत आले.

मला या सगळ्या अभ्यासात तो हिमकण सगळ्यात जास्त आवडतो. नुसती ‘शक्ती’ असती तर ती हिमकणावरही चालली असती ना? डोळे चांगले असतील तर पुस्तकही दिसतं आणि खिडकीतला कावळाही दिसतो. इथे तसं झालं नाही. हिमकणाला नाव नसतं, गोष्ट नसते, दोन हिमकण एकमेकांच्या शेजारी ठेवले तर सगळी सहा टोकं सारखीच. त्याला कुठे टांगावं हेच कळत नाही. म्हणजे या दहा जणांजवळ होती ती टांगायची युक्ती, आणि ज्या वस्तूला कडी नाही तिथे ती चालेना.

युक्ती काय होती ते यंत्रातही दिसलं. त्यांच्या मेंदूचे जे भाग बाकीच्यांपेक्षा जास्त राबत होते ते मागच्या बाजूला, मधोमध आहेत. त्यातच हिप्पोकॅम्पस नावाच्या समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागाचं मागचं टोक. हे सगळे रस्ते ओळखण्याचे भाग आहेत. घरातून निघून दळण टाकून परत येताना तुमचे जे भाग कामाला लागतात, तेच. हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी असतात हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं होतं. त्या कामाला पुढे मोझर दांपत्याच्या शोधाबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं. स्पर्धकांना विचारल्यावर दहापैकी नऊ जणांनी सांगितलं की आम्ही मनातल्या मनात एका ओळखीच्या वाटेनं चालत जातो आणि एकेका ठिकाणी एकेक गोष्ट ठेवत जातो. परत आठवायचं झालं की त्याच वाटेनं पुन्हा चालायचं. ही युक्ती नवी मुळीच नाही. रोममधले वक्ते लांबलचक भाषणं याच पद्धतीनं लक्षात ठेवत, सिसेरोनं ते लिहून ठेवलं आहे.

तुम्ही पाहिलेल्या मुलीनंही बहुधा हेच केलं. तिच्याजवळ शंभर जागा आधीपासून पक्क्या असणार, आणि त्यांना नंबरही असणार. कुणी ‘टमरेल’ म्हणालं की ते पुढच्या जागेवर ठेवलं. उलटं म्हणायचं तर वाटेनं उलटं यायचं. ‘सदतिसावा’ म्हटलं की थेट सदतीस नंबरच्या खुंटीकडे जायचं. त्या मुलीची मेहनत मला कमी लेखायची नाही. शंभर खुंट्या ठोकायला महिनेच्या महिने लागतात. पण भिंत तिची आणि तुमच्या मुलाची एकाच विटांची आहे.

हे मी मनानं म्हणत नाही. नेदरलँड्समधल्या निमेगेनचे मार्टिन ड्रेस्लर आणि त्यांच्या चमूनं २०१७ मध्ये जगातल्या पहिल्या पन्नासांतले २३ स्पर्धक तपासले. त्यांना ७२ शब्दांची यादी दिली, तर वीस मिनिटांनी सरासरी ७१ च्या आसपास शब्द सांगितले. त्यांच्याच वयाच्या आणि बुद्धीच्या इतरांनी सांगितले चाळीसेक. मग त्यांनी ५१ साधी माणसं घेतली, ज्यांना असलं काही येत नव्हतं, आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला सहा आठवडे रोज अर्धा तास वाटेवर ठेवण्याची युक्ती शिकवली, दुसऱ्याला स्मरणशक्तीचे वेगळे व्यायाम दिले, तिसऱ्याला काहीच नाही. युक्ती शिकलेला गट सुरुवातीला पंचवीस-तीस शब्दांवर अडकत होता, तो साठीच्या पुढे गेला. बाकीचे दोन गट थोडेसेच सुधारले. आणि युक्ती शिकलेल्यांच्या मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी ज्या पद्धतीनं ताळमेळ राखत होते, ती पद्धत स्पर्धकांच्या पद्धतीच्या जवळ सरकली होती. चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा मधल्या काळात सराव नसूनही बराचसा फायदा टिकून होता.

सहा आठवडे, रोज अर्धा तास. याचा हिशेब साधारण एकवीस तासांचा होतो. सहा महिने कशाला लागतात ते क्लासवाल्यांनाच ठाऊक.

आणि लाल रंगाचं म्हणाल, तर व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशीच युक्ती शिकलेल्या लोकांचे मेंदू पाहिले. यादी लक्षात ठेवताना त्यांच्या मेंदूचे काही भाग आधीपेक्षा कमी राबताना दिसले, आणि तरी त्यांना जास्त काळ आठवत होतं. यात नवल काय? नवी सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटते तेव्हा अख्खं स्वयंपाकघर हादरतं, आणि तुमच्या सासूबाई गप्पा मारत मारत पंचवीस लाटतात. त्या स्लाइडच्या हिशेबानं सासूबाईच निळ्या ठरतील.

सासूबाईंकडे वळते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची अशी यंत्रातली चित्रं घेतली होती. तो अभ्यास २०१६ मध्ये आला. लहानपणापासून वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास यजुर्वेदाची संथा घेतलेली ही माणसं. त्यांच्या मेंदूत भाषेशी आणि स्मरणाशी जोडलेल्या काही भागांच्या रचनेतच इतरांपेक्षा फरक दिसला, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही दिसला. स्पर्धकांमध्ये जो फरक सापडला नाही तो इथे सापडला. मात्र हा फरक संथेनं घडवला की ज्यांची घडण तशी होती तेच पोरगे शेवटपर्यंत टिकले, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र, दोन्ही लागतात.

तसं काम लंडनच्या टॅक्सीवाल्यांवर झालं आहे, पुन्हा मॅग्वायरबाईंनीच केलेलं. तिथे टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातले जवळपास पंचवीस हजार रस्ते डोक्यात लागतात, आणि त्याला तीन-चार वर्षं जातात. ७९ उमेदवारांचे मेंदू आधी पाहिले, परीक्षेनंतर पुन्हा पाहिले. त्यातले ३९ पास झाले, आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला तो फक्त त्यांच्यात. पण त्याची किंमतही होती. एक गुंतागुंतीची नवी आकृती बघून नंतर आठवून काढायला सांगितली, तर हे टॅक्सीवाले इतरांपेक्षा मागे पडले.

तेव्हा सासूबाईंना सांगा की पाठांतरानं मेंदू बदलतो हे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं धरता येईल. पण ज्याचं पाठांतर करावं त्यापुरतंच. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चेस आणि एरिक्सन यांनी एका विद्यार्थ्यावर केलेला प्रयोग फार बोलका आहे. १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात मुलाचं नाव ‘एस. एफ.’ एवढंच दिलं होतं. त्याला एकामागून एक आकडे ऐकवायचे आणि त्यानं ते तसेच म्हणायचे. सुरुवातीला त्याला तुमच्या-माझ्यासारखे सातच जमायचे. दीड-दोन वर्षांत २३० तासांचा सराव झाल्यावर ७९ आकड्यांपर्यंत पोचला! हे पोरगं लांब पल्ल्याचं धावपटू होतं. ३-४-९-२ ऐकलं की त्याच्या मनात ‘मैलाला तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद, जागतिक विक्रमाच्या जवळपास’ असं व्हायचं. चार आकड्यांची एक पुडी, अशा पुड्या बांधत तो पुढे जायचा. मग एक दिवस आकड्यांऐवजी अक्षरं दिली, आणि स्वारी परत सहावर आली. धावण्याच्या वेळा अक्षरांत थोड्याच असतात!

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. मुलाला ‘क्रिकेटचे आकडे मात्र सगळे पाठ’. ते तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. मी ते वाचलं आणि त्याच्या डोक्याची काळजी तिथेच सोडली. एस. एफ.ला धावणं, याला क्रिकेट. आकडा कानावर पडला की तो कुणाच्या तरी डावात, कुठल्या तरी मैदानात जाऊन बसतो. क्रियाशीलता श्रेणीला बसायला जागाच मिळाली नव्हती, म्हणून ती तीनदा निघून गेली.

तर तिला जागा देऊ. नुसतं सांगून पटत नाही, म्हणून काय केलं ते लिहिते. माझा नातू बडोद्याला नववीत आहे. दिवाळीच्या सुटीत इथे आला होता तेव्हा हाच प्रयोग आम्ही दोघांनी केला. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपासून निघालो आणि रमतगमत सराफ्यात जाऊन थांबलो. श्रेणीत सगळ्यात क्रियाशील धातू आधी आणि सगळ्यात शांत शेवटी येतो. अशी तेरा नावं होती आणि तेरा जागा.

छत्र्यांच्या मागे खान नदी. तिच्यात पोटॅशियमचा तुकडा टाकला. पोटॅशियम पाण्यावर पडलं की जांभळट ज्योत घेऊन नाचत सुटतं, तसं ते नदीवर नाचतंय. पुढे नमकीनचं दुकान, शेवेवर मुठीनं मीठ मारताहेत: सोडियम. पानवाल्याच्या डबीतला चुना: कॅल्शियम. फोटो स्टुडिओपाशी मी म्हटलं, जुन्या काळी फ्लॅशमध्ये मॅग्नेशियम जाळत. नातू म्हणाला, ‘आजी, तुझा जुना काळ मला दिसत नाही. इथे नवरदेव उभा आहे, आणि फ्लॅश पडल्याबरोबर त्याच्या मिशा उडाल्या.’ बरं बाबा, मिशा उडाल्या. चहाच्या टपरीवरचं काळं पडलेलं पातेलं: ॲल्युमिनियम. टपरीवरचा जस्ती पत्रा: जस्त. मग राजवाड्याचा तो प्रचंड दरवाजा आणि त्यावरचे लोखंडी खिळे: लोखंड. दरवाजासमोर ई-रिक्षा उभी, तिची बॅटरी रस्त्यावर आपटून आतलं शिसं सांडलेलं. बागेशी गॅसचे फुगे विकणारा: हायड्रोजन. गोपाळ मंदिरात तांब्याचा कलश. मंदिराच्या पायरीवरून टपटप उड्या मारत चाललेले पाऱ्याचे मणी. आणि शेवटी सराफ्यात पाऊल टाकलं की आधी चांदी, मग सोनं.

सराफा आयताच मिळाला, हे इंदूरकरांचं भाग्य. तिथे उभं राहून नातवाला विचारलं, दिवसा या दुकानांत सोनं-चांदीच का विकतात, पोटॅशियमचे पाटल्या-बिलवर का नाहीत? क्षणभर बघत राहिला आणि हसायला लागला. श्रेणीच्या तळाशी असलेले हे धातू कुणाशी फारसे झगडत नाहीत, म्हणून आजीची पाटली नातसुनेच्या हातातही तशीच राहते. आणि तो फुगेवालाही मधोमध उगीच उभा नाही. त्याच्या अलीकडचे धातू सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, पलीकडचे काढत नाहीत. परीक्षेत हेच तर विचारतात. मग गराडू, म्हणजे तळलेला कंद खाल्ला, तोही श्रेणीत नसून.

आठ दिवसांनी बडोद्याहून फोनवर म्हणायला लावलं. बारा आले, जस्त राहिलं. मी विचार केला तेव्हा कळलं की पत्र्यापाशी आम्ही काहीच घडवलं नव्हतं. पत्रा होता तसा होता. तिथे आता एक माकड तापलेल्या पत्र्यावर पाय भाजून नाचतं, आणि तेव्हापासून जस्त हललेलं नाही. तुमच्या मुलाला माझी वाट देऊ नका. शाळेची, आजोळची, क्रिकेटच्या मैदानाची, जी डोळे मिटून चालता येईल ती त्याची वाट त्यालाच काढू द्या, आणि माकडंही त्याचीच असू देत. दुसऱ्यानं दिलेली चित्रं टिकत नाहीत.

दोन दिवसांनी, मग आठवड्यानं त्याला वही मिटून म्हणायला सांगा. वाचायला नको, म्हणायला. हे फक्त युक्तीपुरतं नाही, सगळ्याच अभ्यासाला लागू आहे, आणि माझ्या मते तुमच्या घरात जास्त गरज याचीच आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचताना ‘येतंय, येतंय’ असं वाटतं ना, तिथेच फसगत होते. तुमचा मुलगा ‘तीनदा पाठ’ करतो म्हणजे बहुधा तीनदा वाचतो.

युक्तीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर मीच क्लास काढल्यासारखं होईल. यादी, क्रम, तारखा, सूत्रांची नावं, नवे शब्द, इथपर्यंत ती उत्तम चालते. भूमितीतला रायडर, म्हणजे सिद्ध करायचं उदाहरण, तिनं सुटत नाही. भिंगातून किरण कसा वळतो हे समजल्याशिवाय राजवाड्यापाशी भिंग ठेवून काही मिळत नाही. आणि रोजच्या विसराळूपणाला तर तिचा काडीचा उपयोग नाही. जोशुआ फोअर नावाचा पत्रकार वर्षभर सराव करून २००६ मध्ये अमेरिकेचा स्मरणविजेता झाला. त्यानंतर एका रात्री मित्रांबरोबर जेवून भुयारी रेल्वेनं घरी परतला, आणि मग लक्षात आलं की जाताना आपण गाडी घेऊन गेलो होतो. मी स्वतः त्या संध्याकाळी तेरा नावं घेऊन घरी आले आणि छत्री सराफ्यात विसरून आले.

आपल्याकडे शंभर गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून दाखवणाऱ्याला शतावधानी म्हणत. शब्द बघा, त्यात स्मरण कुठेच नाही. अवधान आहे, म्हणजे लक्ष. डबा शाळेत विसरणं, किल्ली कुठे ठेवली ते न आठवणं, यात बहुतेक वेळा गोष्ट डोक्यात शिरलेलीच नसते, मग ती बाहेर कुठून येणार? फोन बाजूच्या खोलीत ठेवून अभ्यास आणि रात्री पुरेशी झोप, एवढं आधी महिनाभर करून बघा. मात्र लहानपणापासून वर्गातही वस्तू हरवणं, वाक्य अर्धं ऐकून उठणं, एका जागी बसताच न येणं, असं सगळीकडे चालत आलं असेल, किंवा विसरणं हल्लीच अचानक वाढलं असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. ते काम ना क्लासचं, ना माझं.

आणि ‘विसराळू’ हा शब्द घरातून काढून टाका, निदान त्याच्यासमोर. नणंदेसमोर तर नकोच.

आता फी. भरू नका. रागानं सांगत नाही. त्याला स्पर्धेत उतरायचं असेल, पत्त्यांचा कॅट मिनिटभरात लक्षात ठेवायची हौस असेल, तर ती हौस चांगली आहे आणि तिच्यासाठी शिक्षक लागतो. दहावीसाठी लागत नाही. तरी यजमानांना भरायचेच असतील तर आधी क्लासवाल्यांना दोन गोष्टी विचारायला लावा. तुम्ही दाखवलेलं मेंदूचं चित्र कुठल्या अभ्यासातलं आहे? आणि त्या मुलीला आम्ही दिलेले वीस हिमकण, नाहीतर वीस अंगठ्यांचे ठसे, लक्षात ठेवून दाखवता येतील का? ‘मिडब्रेन’ जागा करतो, डोळे बांधून वाचायला शिकवतो असं म्हणाले तर तिथूनच पायात चपला घाला. मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो, डोळ्यांच्या हालचाली आणि ऐकण्याच्या वाटा सांभाळत. डोळे बांधल्यावर जे वाचता येतं ते पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि माझ्यासाठी एक करा. दुपारी त्या निवांत असताना विचारा, ‘अथर्वशीर्षातलं ‘त्वं गुणत्रयातीतः’ याच्या आधीचं वाक्य कोणतं?’ बघा, बहुतेक त्या थांबतील, ओठांतल्या ओठांत मागे कुठून तरी सुरुवात करतील आणि म्हणत म्हणत तिथे येतील. वेदपाठात याच्यावर मोठा बंदोबस्त करून ठेवला आहे. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असे शब्द उलटसुलट फिरवत नेतात. आपल्या घरगुती पाठांतरात ती सोय नाही, तिथे वाट एकाच दिशेची. त्यांचा नातू शेजारी बसून हे ऐकत असेल असं बघा, आणि त्या कुठल्या वाक्यापर्यंत मागे गेल्या तेवढं मला कळवा.

– तुमची काकू